धाकटीचा पाय

मी स्वभावाने चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. लोणावळ्याच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. जुन्या मुली बाजारात भेटल्या की वाकून नमस्कार करतात, त्यामुळे माझ्याविषयी गावात भलताच समज आहे. खरी गोष्ट अशी की मला राग लवकर येतो आणि आला की जात नाही. एका बाईवर मी सतरा वर्षं डूख धरला. तिचा विषय निघाला तरी माझा घास कडू व्हायचा. त्या सतरा वर्षांत तिचं जितकं वाकडं करता येईल तितकं मी केलं, आणि ते करताना मला बरं वाटत होतं, हेही लपवत नाही.

ती बाई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची सासू.

धाकटी जन्मली तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते आणि आम्ही यार्डाजवळच्या चाळीत राहत होतो. बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी आईचा डावा पाय सुजला. दोन दिवसांनी सकाळी न्हाणीतून उठताना ती म्हणाली, श्वास पुरत नाही गं, आणि पडली ती उठलीच नाही. शेजारणींनी बाळंतरोग म्हटलं आणि विषय संपवला. धाकटी माझ्या मांडीवर वाढली. तिची वेणी, तिची पाटी, तिचा गोवर, सगळं मी केलं. मी शिक्षिका झाले, वडील वारले, मला स्थळं आली तशी गेली. धाकटीचं लग्न मात्र मी थाटात लावून दिलं. पवन मावळातलं शेतकऱ्याचं घर, विधवा सासू, एकुलता एक मुलगा. सासूचा हात सढळ आणि तोंड मितभाषी, म्हणून मलाच ते घर आवडलं होतं.

वर्षाने धाकटीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माहेर म्हणजे मी एकटी, शाळा चालू, आणि हेडमास्तर रजा देईनात. मी ही अडचण सांगायला गेले तर सासू म्हणाली, "मी हाय की. माज्या लेकीवानी करीन." मला ते लागलं. आमच्या मुलीचं बाळंतपण आमच्याच्यानं होत नाही, असं तिला सुचवायचं आहे असं मला वाटलं. तिच्या मनात तसं काही नसावं. पण मला एकदा वाटलं की वाटलं.

मुलगी झाली. चौदाव्या दिवशी रविवार होता, तेव्हा मी डिंकाचे लाडू आणि तिळाच्या तेलाची बाटली घेऊन निघाले. कामशेतला गाडीतून उतरले, पुढे बैलगाडी मिळाली, आणि अकराच्या सुमाराला त्यांच्या दारात पोचले.

आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उतरू देत नसत. बाजेखाली शेगडी, पाणी मोजकं आणि तेही कोमट, आणि रोज सकाळी अंगाला तेल. यातलं तेल सगळ्यांत महत्त्वाचं. बाळंतिणीला मालीश होत नाही म्हणजे सासरनं हात आखडला, असा सरळ अर्थ धरायचा. माहेरची बाई भेटायला आली की बाळाचं तोंड बघण्याआधी मुलीच्या पायांवरून हात फिरवून बघते, कातडी कोरडी लागते का ते. मीही तेच केलं. धाकटीचे पाय कोरडे होते. आणि डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजून चकाकत होता.

धाकटी म्हणाली, चार दिवस झाले, पाय जड झालाय, ताई. मी सासूकडे वळून विचारलं की मालीशवाली कुठे आहे. तिने सांगितलं की चार दिवसांपासून तिला येऊ नको म्हटलंय. मी माझी बाटली बाहेर काढली तशी ती बाई पुढे आली.

"चोळू नगं, बाई. हात लावला का वरडती पोरगी. ल्योक डाक्टरला आनाया गेलाय."

मी तिच्याकडे कसं बघितलं असेल ते माझ्या वर्गातल्या मुलींना विचारा. चार दिवस आमच्या मुलीला तेलाचं बोट नाही, आणि वर कारणं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी शेगडीवर तेल तापवलं, पदर खोचला आणि खालून वर, टाचेपासून मांडीपर्यंत, अंगठे दाबून दाबून तो पाय चोळला. धाकटी कळवळत होती. मी तिला म्हटलं, सोस जरा, सूज अशीच उतरते. सासू दाराशी उभी होती. पुन्हा एकदा नको म्हणाली. मी अर्धा तास चोळत होते. दमून मी हात धुतले, चहा घेतला, बाळाला मांडीवर घेतलं. तेवढ्यात धाकटी उठून बसली. छातीत कसंतरी होतंय, म्हणाली. तिचे ओठ निळे पडले. मी बाळ खाली ठेवीपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर आला तो तासाभराने. हृदय बंद पडलं म्हणाला आणि आला तसा गेला.

अंगणात सगळी आळी जमली होती. त्या सगळ्यांसमोर मी त्या बाईकडे बोट करून म्हटलं, "माझ्या बहिणीला तुम्ही मारलंत. तेलाला महाग केलंत तिला." ती काहीच बोलली नाही. जिच्याकडे उत्तर नसतं ती गप्प बसते, असा मी हिशेब केला.

त्यानंतर मी हात धुऊन तिच्या मागे लागले. तिचा मुलगा तेवीस वर्षांचा, दुसरं लग्न होणारच होतं. कुठे बोलणी चालू आहेत याची मी माणसं ठेवून बातमी काढत असे. बातमी लागली की रविवारी स्वच्छ पांढरं पातळ नेसून त्या मुलीच्या घरी जायचं. मी ओरडत नसे, रडत नसे. मास्तरीण शांतपणे बोलली की लोक ऐकतात. त्या घरात सून बाळंत झाली की तिला उपाशी आणि कोरडी ठेवतात, एवढंच सांगायचं, चहा घ्यायचा आणि उठायचं. अशा तीन सोयरिकी मोडल्या. चौथी आलीच नाही. मुलगा वैतागून मुंबईला गिरणीत गेला, तिकडेच राहिला. म्हातारी आणि ती आईवेगळी पोर, अशा दोघीच घरात उरल्या. मला बातमी कळली तेव्हा मी श्रीखंड केलं होतं, एकटीसाठी.

आणखी एक. त्या गावात कुणी बाळंत होणार असली की आधी हिला बोलावत. रात्र रात्र बसायची, धीर द्यायची, असं लोक सांगत. माझ्या बोलण्यानंतर कुणी बोलावेना. मग धरण आलं, त्यांचं शेत पाण्याखाली गेलं, आणि तिला पवनानगरला धरणाच्या कॉलनीच्या अंगाला दोन खोल्यांत येऊन राहावं लागलं. धरण काही मी बांधलं नव्हतं. पण मला वाटलं, माझं ऐकणारा कुणीतरी वर आहे.

सगळ्यांत मोठा घाव मी भाचीच्या हातून घालायचं ठरवलं. पोर अकरा वर्षांची असताना कार्ल्याच्या जत्रेत भेटली. म्हातारी नारळ घ्यायला वळली तेवढ्यात मी पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या आईचा पाय सुजला होता. तुझ्या आजीनं तो चोळू दिला नाही, म्हणून तुझी आई गेली." पोरीने मान हलवली. धाकटीसारखंच तिचं कपाळ, तसेच कान. तिथून पुढे दर दिवाळीला तिचं मला पत्र यायला लागलं. आणि आजीशी ती कामापुरतं बोलते, हेही कुणाकुणाकडून कळायला लागलं. मला पाहिजे होतं ते मिळालं.

सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासर आंबीचं, नवरा कारखान्यात. सासू नव्हती. चौऱ्याहत्तर साली, तिला सातवा महिना असताना, तिचं पत्र आलं. पहिलं बाळंतपण आहे, माहेरी जायचं, पण त्या घरात मी बाळंत होणार नाही. मावशी, तुमच्याकडे येऊ का? ते पत्र मी तीनदा वाचलं. इतकं गोड पत्र मला आयुष्यात आलं नाही. जिचं बाळंतपण मला करता आलं नव्हतं तिची लेक माझ्या दारी येणार, आणि म्हातारी तिकडे हात चोळत बसणार. मी सुतार बोलावून नवी बाज करून घेतली.

पोर आली तेव्हा मीच बाजेवर होते. पावसाळ्यात शाळेच्या पायरीवरून घसरून नडगीचं हाड मोडलं, दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टर काढलं आणि पाचव्या दिवशी तो पाय मांडीपर्यंत सुजला. मला धाकटीचा पाय आठवायला हवा होता, नाही का? आठवला नाही. मी भाचीला म्हटलं, तेल गरम कर आणि चोळून दे जरा. आठव्या महिन्याचं पोट सावरत ती वाटी घेऊन माझ्या पायाशी बसली. आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाई प्लास्टरनंतरचा पाय बघायला यायच्या होत्या, त्या नेमक्या तेव्हाच दारातून आत आल्या.

"हात काढ," त्या पोरीला म्हणाल्या. इतक्या करड्या आवाजात की वाटीतलं तेल सांडलं.

त्यांनी माझी पोटरी हलकेच दाबून बघितली, पाऊल वाकवून बघितलं, मग खुर्ची ओढून बसल्या आणि आम्हा दोघींना समजावून सांगितलं. पायातल्या आतल्या शिरेत रक्त गोठून गाठ धरली आहे. अशी गाठ चोळली की सुटते, रक्ताबरोबर वर जाते आणि फुप्फुसात अडकते. मग माणूस दहा मिनिटांत जातो. तेव्हा चोळायचं नाही, शेकायचं नाही. आजच पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायचं, रक्त पातळ करायची इंजेक्शनं घ्यायची.

मी पायाकडे बघत होते.

मग त्यांनी विचारलं की घरात आधी कुणाला असं झालं होतं का. मी आईचं सांगितलं. एका मामाचं सांगितलं, मांडीचं हाड मोडून महिनाभर पडून होता आणि बसल्या जागी गेला. त्या लिहून घेत होत्या. म्हणाल्या, रक्त गोठतं ते बरंच आहे, नाहीतर विळीने बोट कापलं तरी माणूस जायचा. पण नको तिथे गोठू नये म्हणूनही रक्तात काही द्रव्यं असतात, आणि काही घराण्यांत ती जन्मतःच कमी पडतात. एरवी काही कळत नाही. बाळंतपण आलं, पडून राहणं आलं, पाणी कमी प्यायलं, वजन वाढलं, की गाठ धरते. आणि एकदा धरली की पुन्हा धरते. आईकडून लेकीकडे येतं, दर वेळी येतंच असं नाही. तपासायची सोय आपल्याकडे अजून नाही, तेव्हा आहे असंच धरून चालायचं. हे बोलताना त्या माझ्याकडे नाही, पोरीच्या पोटाकडे बघत होत्या.

"तुझी आई कशाने गेली?" त्यांनी तिला विचारलं.

पोरीने मी शिकवलेला धडा जसाच्या तसा म्हणून दाखवला. आईचा पाय सुजला होता, आजीनं तो चोळू दिला नाही, म्हणून आई गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझी आजी शहाणी बाई आहे. तिनं बरोबर केलं होतं."

पोर माझ्याकडे वळली. मी डोळे मिटून घेतले. दुखतंय, म्हटलं.

निघण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी भाचीसाठी नियम सांगितले. बाळंतपण दवाखान्यातच. दुसऱ्या दिवसापासून चालायचं. बाज नाही, शेगडी नाही, मालीश तर नाहीच, पाणी भरपूर. आणि सहा आठवडे घरात एक अशी बाई हवी जी रोज दोन्ही पाय डोळ्यांनी तपासेल, आणि शेजारच्या दहा बायका तेलाच्या वाट्या घेऊन आल्या तरी त्यांना दारातून परत पाठवेल. या सहा आठवड्यांतच जिवाला धोका. अशी बाई तुमच्याकडे आहे का, त्यांनी विचारलं. मी तर काठीशिवाय उभी राहू शकणार नव्हते.

पुण्यात मी दहा दिवस होते. दंडात सुई, छतावर पंखा, आणि डोक्यात तो रविवार. मी माझ्या हातांचा विचार करत नव्हते, कुणाला वाटेल तसं. मी त्या म्हाताऱ्या बाईचा विचार करत होते आणि मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त राग येत होता. ती बरोबर होती! सतरा वर्षं मी जिला पाण्यात पाहिलं ती बरोबर होती, आणि आता पोरीजवळ ठेवायला साऱ्या मावळात तिच्याइतकी योग्य बाई नव्हती. सुजलेला पाय जिने एकदा ओळखला, डॉक्टर बोलवायला माणूस धाडला आणि तेलाला नको म्हटलं, अशी दुसरी बाई मी कुठून आणणार होते? आणि पोर तिला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हती. ती तजवीज मीच करून ठेवली होती.

गप्प बसता आलं असतं. एखादी नर्स शोधली असती, शेजारणीला सांगितलं असतं, चार दिवस सुट्टी काढायला भाचीच्या नवऱ्याला म्हटलं असतं. माझा सूड शाबूत राहिला असता. दहापैकी आठ दिवस मी याच बेतात होते. मग भाची भेटायला आली. रिक्षातून उतरून जिने चढल्यामुळे तिला धाप लागली होती. कॉटच्या कडेला टेकून ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, आणि धाकटीही तशीच बसली होती शेवटी.

मी म्हटलं, "तुझ्या आईचा पाय मी चोळला. आजी नको म्हणत होती."

तिने पाण्याचा तांब्या भरून माझ्या हाताशी ठेवला आणि गेली.

मी लोणावळ्याला परतले तेव्हा म्हातारी माझ्या घरात होती. भाचीने स्वतः पवनानगरला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. चुलीपाशी बसून ती भाकऱ्या करत होती, सत्तरीला आल्यासारखी दिसत होती, नव्हती तेवढी. तिने माझ्या पायाकडे पाहिलं, पाट सरकवून दिला. डॉक्टरीणबाईंनी काय काय सांगितलंय ते एकदा तिने माझ्याकडून ऐकून घेतलं आणि एकदा मला म्हणून दाखवलं, काही चुकलं नाही. मला माफी मागायची नव्हती. मला भांडायचं होतं. ही बाई सतरा वर्षं का गप्प बसली? मी तिचं घर मोडलं, तिचा मुलगा देशोधडीला लावला, नात तोडली. एका वाक्यात ती मला आडवी करू शकली असती.

पोर आत झोपली होती. मी विचारलं, "मी चोळला आणि ती गेली, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. पोरीला सांगितलं का नाहीत?"

तिने भाकरी उलटली.

"आई तर गेलीच हुती पोरीची," ती म्हणाली. "मावशीबी घालवू व्हय?"

मला तिचा गळा धरावासा वाटला. तिने शिव्या दिल्या असत्या, माझ्या शाळेत येऊन तमाशा केला असता, तर आमचं दोघींचं काहीतरी मिटलं असतं. असं बोलून तिने माझ्या हातात काही ठेवलंच नाही.

पोर दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी म्हातारीने तिला व्हरांड्यात चालवलं. पुढचे सहा आठवडे रोज सकाळी उजेडात बसवून ती दोन्ही पाय बघायची, बोट लावून नाही, नुसते बघायची. शेजारच्या बायका तेल घेऊन आल्या, नावं ठेवत परत गेल्या. बाळंतिणीला पाणी ढोसायला लावते म्हणून कुजबुजल्या. म्हातारीला त्या बोलण्याची सवय होती, सवय मीच लावली होती. अठराव्या दिवशी डाव्या पोटरीवर थोडी सूज दिसली तेव्हा ती त्याच पावली पोरीला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेली. इंजेक्शनं झाली, सूज उतरली. पोर वाचली. तिच्या रक्तातही ते होतं.

निघायच्या दिवशी आजी, नात आणि बाळ पवनानगरच्या एसटीला जायला तयार झाली. पोर आता आजीकडे राहणार होती, नवरा रविवारी तिकडेच येणार होता. तिने देवाला नमस्कार केला, शेजारणीला केला. मग माझ्या पाया पडली, रीतीप्रमाणे. उठून पदर सारखा करत, शाळेतल्या मुली म्हणतात तसं म्हणाली, "येते, बाई."

"मावशी म्हन," म्हातारी तिला म्हणाली.

पोरीने बाळाचं टोपडं बांधलं आणि पायऱ्या उतरून गेली. म्हातारी खालून पुन्हा एकदा तेच म्हणाली, मला ऐकू आलं. पोरीने वळून पाहिलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवाळ्या झाल्या, तिचं पत्र नाही, आणि येणारही नाही. डूख धरण्याच्या बाबतीत ती आईवर गेलेली नाही. माझ्यावर गेली आहे.